नाताळची गृहशोभा

नाताळच्या सुमारास घर कसें सजवावें, दारावर कोणतीं पानें लावावींत, पाहुण्यांपुढें काय मांडावें, ह्याविषयीं इंग्रजी मासिकांतून दर वर्षीं जे लेख येतात त्यांत 'जुन्या काळचा नाताळ' हा शब्दप्रयोग हटकून आढळतो. शृंगारलेलें झाड, रंगीत कांचेचे गोळे, शुभेच्छापत्रांची ओळ, मुलांसाठीं बांधून ठेवलेल्या भेटी आणि शेगडीभोंवतीं बसलेलें कुटुंब, हें चित्र जणूं अनादि काळापासून चालत आलें आहे अशी ह्या लेखकांची दृढ समजूत असते. आमच्या इकडील इंग्रजी शिकलेल्या वाचकांचीहि ती आहे. कारण आम्हीं तो सण प्रथम पाहिला तो डिकन्सच्या चष्म्यांतून. इतिहास पाहूं जातां ह्या चित्रांतील बहुतेक वस्तु इंग्रजी घरांत १८४० ते १८८० ह्या चाळीस वर्षांत रुळल्या असें दिसून येतें. त्या नव्या आहेत ह्यांत दोष कांहींच नाहीं; प्रत्येक जुनी चाल केव्हां तरी नवी होतीच. परंतु ही नवी शोभा घरांत येतांना एक जुनी गोष्ट घराबाहेर गेली, आणि तिची दखल सजावटीच्या लेखांतून कोणी घेत नाहीं. तिचा माग काढण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

ह्या सजावटींतील सर्वांत जुना धागा हिरव्या पानांचा. इ. स. २०० च्या सुमारास कार्थेज येथील टर्टुलियन ह्या ख्रिस्ती ग्रंथकारानें आपल्या धर्मबंधूंस मोठा टोमणा मारला आहे, कीं मूर्तिपूजकांच्या दारांपेक्षां तुमच्याच दारांवर दिवे व लॉरेलच्या डहाळ्या अधिक दिसतात. त्या वेळीं नाताळ हा सण रूढ झालाच नव्हता. २५ डिसेंबर हा ख्रिस्तजन्माचा दिवस म्हणून रोममध्यें मानल्याचा जुन्यांत जुना लेखी पुरावा ३५४ सालच्या एका पंचांगांत मिळतो. म्हणजे आधीं तोरण आलें आणि सण मागाहून आला! पुढें ६०१ सालीं पोप ग्रेगरी ह्यानें इंग्लंडांत धर्मप्रसारासाठीं निघालेल्या मेलिटस ह्यास पत्र लिहून कळविलें, कीं तेथील लोकांचीं देवळें पाडूं नयेत, त्यांत नव्या धर्माची स्थापना करावी, आणि उत्सवाच्या दिवशीं लोकांना त्या देवळांभोंवतीं झाडांच्या फांद्यांचे मांडव घालून जेवणावळी करूं द्याव्यात. मनुष्य देव एक वेळ बदलील, पण मांडव सोडणार नाहीं, हें त्या धूर्त धर्माध्यक्षानें नेमकें ओळखलें होतें.

मध्ययुगीन इंग्लंडांत हा मांडव कसा दिसे हें जॉन स्टो ह्याच्या लंडनवर्णनावरून कळतें. १५९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या ह्या ग्रंथांत तो सांगतो, कीं नाताळांत प्रत्येक घर, प्रत्येक गांवदेऊळ हॉली, आयव्ही, बे इत्यादि त्या ऋतूंत हिरव्या राहणाऱ्या पानांनीं मढविलें जाई, इतकेंच नव्हे तर रस्त्यांतील नळकोंडाळीं व चौकांतले खांबसुद्धां. लंडनच्या कॉर्नहिल भागांत भर फरसबंदींत एक लांकडी खांब पुरून त्यावर हॉली व आयव्ही ठोकीत, लोकांच्या करमणुकीसाठीं. १४४४ सालच्या वादळांत तो उखडून पडला, आणि हें काम सैतानाचें असावें असें लोकांस वाटलें, अशीहि हकीकत त्यानें दिली आहे. वाचकांनीं येथें एवढेंच ध्यानांत ठेवावें, कीं ही शोभा रस्त्याकडे तोंड करून उभी होती. ती जाणाऱ्यायेणाऱ्याची होती.

आतिथ्याचेंहि तेंच. जहागीरदाराच्या वाड्यांत त्या दिवसांत कुळांनीं, नोकरांनीं, शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं यावें, खावेंप्यावें, गावें, आणि धन्यानें तें निमूटपणें सोसावें अशी वहिवाट होती. ही वहिवाट निव्वळ प्रेमाची होती असें मानण्याइतके आम्ही भोळे नाहीं. वर्षभर ज्यांच्याकडून राबवून घ्यावयाचें त्यांस बारा दिवस मोकळीक देणें हा राज्य करण्याचा एक मार्गच आहे. शिवाय दाराशीं गात येणारी मंडळी बिअर मिळेपर्यंत हलत नसत, आणि त्यांच्या गाण्यांत आर्जवाबरोबर थोडी धमकीहि असे. तथापि दार उघडें होतें हें खरें. तें मिटूं लागल्याचीं चिन्हें आपण समजतों त्यापेक्षां फार पूर्वींचीं आहेत. सरदार मंडळींस लंडनची चटक लागून वाडे ओस पडूं लागले, तेव्हां १६२२ सालीं पहिल्या जेम्स राजास फर्मान काढावें लागलें, कीं त्यांनीं राजधानी सोडून आपापल्या गांवीं जावें व नाताळचें आतिथ्य करावें. आतिथ्यासाठीं फर्मान निघूं लागलें कीं समजावें, तें मनांतून गेलें.

त्यानंतर प्युरिटन आले. १६४७ च्या जूनमध्यें पार्लमेंटानें नाताळ, ईस्टर वगैरे सण रद्द ठरविले. त्याच वर्षीं डिसेंबरांत लंडनच्या उमेदवार कारागिरांनीं मुद्दाम कॉर्नहिलचीच जागा निवडली आणि तेथील नळकोंडाळें हिरव्या पानांनीं मढविलें. तीं उतरविण्यास खुद्द लॉर्ड मेयरास जावें लागलें. कँटरबरी येथें तर दंगल उसळली, आणि लोकांनीं दारांपुढें हॉलीच्या फांद्या उभारून येईल त्याला खाऊंपिऊं घातलें. सजावट हें बंडाचें निशाण झाल्याचा असा प्रसंग इतिहासांत विरळाच. समुद्रापलीकडे मॅसॅच्युसेट्समध्यें १६५९ सालीं नाताळ पाळणारास पांच शिलिंग दंड ठरला, आणि तो कायदा १६८१ पर्यंत टिकला.

राजसत्ता परत आली तसा सणहि परत आला. पेपिस ह्याच्या रोजनिशींत १६६० च्या डिसेंबरांत देवळांतील बसण्याची जागा रोझमेरी व बे ह्यांनीं झांकून गेल्याची नोंद आहे. परंतु पूर्वींचा भर कांहीं आला नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं 'जुना नाताळ गेला' ही हळहळ सुशिक्षितांत सार्वत्रिक होती, आणि गंमत अशी, कीं त्या गेलेल्या नाताळचें सर्वांत गोड वर्णन एका अमेरिकनानें केलें. वॉशिंग्टन आयर्व्हिंग ह्याच्या १८२० सालच्या निबंधांतील ब्रेसब्रिज नांवाचा जमीनदार जुन्या चाली पुन्हां सुरू करण्याच्या नादीं लागलेला आहे. त्यानें एकदां पूर्वजांप्रमाणें वाड्याचें दार सताड उघडून पाहिलें. तों मुलखांतले सारे भटके व भिकारी लोटले. तेव्हांपासून तो निवडक सभ्य शेतकऱ्यांसच बोलावतो, आणि गरिबांनीं आपापल्या घरीं मजा करावी म्हणून मांस, पाव व बिअर वांटून टाकतो. हा मजकूर आयर्व्हिंगनें जातां जातां घातला आहे. आमच्या मतें साऱ्या निबंधांतील मर्मस्थान तेंच.

झाडाची कथा पुष्कळांस ठाऊक आहे. आज फ्रान्समध्यें असलेल्या पण त्या काळीं जर्मन असलेल्या स्ट्रासबर्ग शहरीं लोक आपल्या बैठकींत फरचीं झाडें उभीं करून त्यांवर कागदी गुलाब, सफरचंदें व मिठाई टांगीत, अशी १६०५ सालची नोंद आहे. इंग्लंडांत तिसऱ्या जॉर्जची जर्मन राणी शार्लट हिनें १८०० सालीं विंडसर येथें मुलांसाठीं यूचें झाड सजविलें. पण घरोघर तें पोहोंचलें तें छापखान्यामुळें. व्हिक्टोरिया राणी, प्रिन्स ऑल्बर्ट व त्यांचीं मुलें मेजावरील झाडाभोंवतीं उभीं आहेत असें चित्र १८४८ सालीं 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'नें छापलें, आणि मध्यमवर्गानें त्याचा कित्ता गिरविला. दोन वर्षांनीं अमेरिकेंतील 'गोडीज लेडीज बुक' ह्या स्त्रियांच्या मासिकानें तेंच चित्र घेतलें. मात्र राणीच्या डोक्यावरील मुकुट व नवऱ्याच्या मिशा खोडून टाकल्या. प्रजासत्ताक राज्यांतील गृहिणींस राणीचें घर हवें होतें, राणी नको होती!

ह्या साऱ्या स्थित्यंतराची जी लहानशी पण पुरी खूण आहे ती पहिल्या नाताळपत्रावर. १८४० सालीं एक पेनी टपाल सुरू झालें. त्या सुधारणेसाठीं खटपट करणारांपैकीं हेन्री कोल हा एक. १८४३ च्या नाताळांत इतक्या जणांस पत्रें लिहावयाचीं होतीं, कीं त्यानें जॉन हॉर्सली ह्या चित्रकाराकडून एक चित्र काढवून घेतलें व त्याच्या हजार प्रती छापविल्या. उरलेल्या प्रती शिलिंगास एक ह्या दरानें विक्रीस ठेविल्या. त्या काळीं ही किंमत कांहीं थोडी नव्हे. चित्राचे तीन भाग आहेत. मध्यें थोर घरचें कुटुंब प्याले उंचावून बसलें आहे. त्यांत लहान मुलाच्या ओठींहि प्याला लागलेला पाहून मद्यनिषेधक खवळले. दोन्ही बाजूंस, वेलीच्या नक्षीपलीकडे, अरुंद चौकटी आहेत. एकींत भुकेल्यास अन्न व दुसरींत उघड्यास वस्त्र दिलें जात आहे. जे पूर्वीं पंगतींत बसत ते चित्रांत समासावर गेले. त्यांचा विसर पडला असें कोणी म्हणूं नये. उलट दयाबुद्धि चित्रांत ठळकच आहे. पण मधली वेल ओलांडून कोणी इकडचा तिकडे होत नाहीं. आणि ज्या पत्रावर हें चित्र होतें त्याचा उपयोग काय? जातीनें भेटीस जाण्याचा व हातानें लिहिण्याचा श्रम वांचविणें हाच.

त्याच १८४३ च्या डिसेंबरांत, १९ तारखेस, डिकन्सची 'ए ख्रिसमस कॅरल' ही गोष्ट प्रसिद्ध झाली, व नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत तिच्या सहा हजार प्रती खपल्या. तींत दोन्ही नाताळ शेजारीं शेजारीं आहेत हें सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. स्क्रूजचा जुना मालक फेझिविग हा वखार झाडून साफ करून तिचीच नाचाची जागा करतो, आणि तेथें कारकून, मोलकरीण, स्वयंपाकीण, दूधवाला, सगळे येतात. सुधारलेला स्क्रूज काय करतो? तो आपल्या कारकुनास जेवावयास बोलावीत नाहीं; एक भली मोठी टर्की विकत घेऊन त्याच्या घरीं धाडतो, तीहि नांव न कळवितां, आणि स्वतः भाच्याच्या घरीं जेवतो. दातृत्व पुष्कळ वाढलें, पण पंगती दोन झाल्या. पुढें नोकराचाकरांची व टपालवाल्यांची पोस्त देण्याचा जो दुसरा दिवस, सव्वीस डिसेंबर, त्यास १८७१ च्या कायद्यानें सार्वजनिक सुटी मिळाली. घरच्यांचा दिवस निराळा आणि इतरांचा निराळा अशी विभागणी पंचांगांतच झाली.

आतां दार मिटल्यावर आंतील शोभा वाढावी हें ओघानेंच आलें. रानांतून कुळांनीं आणून द्यावयाच्या हॉलीऐवजीं कॉव्हेंट गार्डनच्या बाजारांत पैसे टाकून हॉली मिळूं लागली. टॉम स्मिथ नांवाच्या लंडनच्या मिठाईवाल्यानें पॅरिसची कागदांत गुंडाळलेली गोळी आणली, व पुढें तिलाच फटाक्याचा आवाज जोडून दिला. जर्मनींतील थुरिंजिया प्रांताच्या डोंगरांत लाउशा नांवाचें कांचकाम करणारांचें गांव आहे. तेथील कुटुंबें घरच्या घरीं दिव्याच्या ज्योतीवर नळी धरून कांचेचे पातळ गोळे फुंकीत आणि आंतून चकाकी देऊन रंगवीत. अमेरिकेंतील वुलवर्थ ह्या दुकानदारानें १८८० सालीं भीत भीत त्यांतला थोडासा माल घेतला. तो हां हां म्हणतां खपला, आणि मग पेट्याच्या पेट्या समुद्र ओलांडूं लागल्या. १८८२ सालीं एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन ह्यानें न्यूयॉर्कमधील आपल्या घरीं लाल, पांढरे व निळे असे ऐंशीं विजेचे दिवे लावलेलें फिरतें झाड करून दाखविलें. मेणबत्त्यांच्या झाडाशेजारीं पाण्याची बादली भरून ठेवण्याची पाळी हळूहळू संपली.

ह्या नव्या नाताळास केवळ नांवें ठेवणें आम्हांस अप्रशस्त वाटतें. जुन्या उघड्या दारांतून दारूबाजी व धटिंगणपणाहि आंत येत असे, आणि त्या गर्दींत मुलांना व बायकांना जागा नव्हती. मुलासाठीं सण करावा ही कल्पना मनुष्यजातीनें इतक्या उशिरां काढली हेंच नवल. ती व्हिक्टोरियन गृहस्थांची मोठी देणगी आहे. शिवाय गृहिणीला आपल्या हातानें घर नटविण्याचें सुख मिळालें, व तिच्यासाठीं मासिकांतून लेख लिहिणारांना काम मिळालें. आमची तक्रार एवढीच, कीं आतिथ्याच्या नांवाखालीं जें सांगितलें जातें तें पुष्कळदां आपलींच माणसें आपल्याच घरीं कशीं जेवलीं ह्याचें वर्णन असतें.

शेजाऱ्याचा भाग सर्वत्र असा तुटला नाहीं. 'नाताळ' हा आमचा मराठी शब्दच मुळीं इंग्रजांकडून नव्हे, तर पोर्तुगीजांकडून आला. गोव्यांत ख्रिस्ती घरांवर चांदणीच्या आकाराचे कंदील बाहेर टांगतात, आंत गव्हाणीचा देखावा मांडतात, आणि नेवऱ्या, दोदोल, बेबिंक ह्यांचीं ताटें शेजाऱ्यांकडे, हिंदु शेजाऱ्यांकडेहि, जातात. नेवरी म्हणजे आमची करंजीच. ती चवथीला एका घरून निघते व नाताळांत दुसऱ्या घरून परतते म्हटलें तरी चालेल. आमच्या दिवाळीचीहि मुख्य शोभा बाहेरची: उंबऱ्याशीं पणत्या, अंगणांत रांगोळी, दारावर आकाशकंदील. पण फराळाचें ताट पदराखालीं झांकून शेजारीं नेणारीं मुलें व मुली अलीकडे कमी दिसतात, आणि छापील शुभेच्छा व मिठाईच्या बंद पेट्या वाढल्या आहेत.

इंग्लंडांत तें दिवाणखान्यांतलें झाड एका निराळ्याच कारणानें रस्त्यावर आलें. दुसऱ्या महायुद्धांत केलेल्या साहाय्याबद्दल कृतज्ञता म्हणून नॉर्वेंतील ऑस्लो शहराकडून १९४७ सालापासून दर वर्षीं एक उंच झाड लंडनला येतें. कॉर्नहिलच्या त्या जुन्या खांबाच्या जागेपासून दीडदोन मैलांवर, ट्रॅफल्गर चौकांत, तें उभें करतात. त्यावर दागिने फारसे नसतात, साधे पांढरे दिवे असतात. आणि त्याखालीं निरनिराळीं गायकमंडळें संध्याकाळीं येऊन गातात व जाणाऱ्यायेणाऱ्यांकडून धर्मादाय कार्यासाठीं पैसे गोळा करतात.