री-इनॅक्टमेंट : महाडचे नाट्य की महाडची कृती?

मार्च महिना जवळ आला की आमच्या बैठकीत एकच विषय असतो, महाड. यंदा एका तरुण कार्यकर्त्याने सुचवले, "या वेळी आपण वस्तीत चवदार तळ्याचे री-इनॅक्टमेंट करू." सगळ्यांना कल्पना आवडली. बाबासाहेब कोण होणार यावर तर चढाओढच लागली. पण परिषदेच्या लोकांवर लाठ्या घेऊन धावून आलेले सवर्ण कोण होणार, असे विचारताच सगळे गप्प झाले. तेव्हा आम्ही ठरवले, नाटक नंतर बसवू, आधी या शब्दाचा अर्थ समजून घेऊ.

इंग्रजीतल्या 'ॲक्ट' या एकाच शब्दाचे तीन अर्थ होतात. ॲक्ट म्हणजे कृती, ॲक्ट म्हणजे अभिनय आणि ॲक्ट म्हणजे कायदा. तिन्हींचे मूळ लॅटिनमधल्या 'करणे' या क्रियापदात आहे. म्हणून री-इनॅक्टमेंटचेही दोन अर्थ रूढ आहेत. घडून गेलेला प्रसंग पुन्हा करून दाखवणे हा एक. जुना किंवा रद्द झालेला कायदा पुन्हा अधिनियमित करणे हा दुसरा. आर. जी. कॉलिंगवूड या इंग्रज विचारवंताने याला तिसरा अर्थ दिला. त्यांच्या मृत्यूनंतर १९४६ साली आलेल्या 'द आयडिया ऑफ हिस्टरी' या ग्रंथात ते मांडतात की, इतिहास समजणे म्हणजे त्या काळच्या माणसाने जो विचार केला तो आपल्या डोक्यात पुन्हा करणे. पोशाख आणि तलवारी पुन्हा आणता येतात, पण विचार केल्याशिवाय इतिहास हाती लागत नाही.

आता हे तीन अर्थ घेऊन महाडला जाऊ.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत असा तो ठराव. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर ॲक्ट झाला होता, पण जमिनीवर कृती नव्हती. तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती, इतर धर्मांचे लोक पाणी भरत होते. अस्पृश्यांना मात्र बंदी होती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. कायद्यातला शब्द त्यांनी कृतीत आणला.

मग त्याच महाडमध्ये आणखी एक विधी झाला. परिषदेचे लोक वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी अफवा उठवून त्यांच्यावर हल्ला करण्यात आला. पुढे गोमूत्र, शेण, दूध, दही यांच्या १०८ घागरी तळ्यात ओतून मंत्रोच्चारात तळे 'शुद्ध' करण्यात आले. हेही री-इनॅक्टमेंटच होते! मनूचा जुना कायदा त्यांनी विधी करून पुन्हा लागू केला. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. म्हणजे विधी आधी झाला आणि कागद त्याच्या मागून गेला. विधी, मिरवणुका, उत्सव यांना निरुपद्रवी समजणाऱ्यांनी हा क्रम नीट लक्षात ठेवावा.

डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब पुन्हा महाडला आले. मार्चची कृती पुन्हा करायची होती. पण विरोधकांनी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम आणला होता. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याचे पाणी घेण्याचा सत्याग्रह मात्र कोर्टाचा निकाल लागेपर्यंत तहकूब करण्यात आला. लोकांनी तळ्याभोवती मिरवणूक काढली, पाण्याला हात लावला नाही. आपल्या इतिहासातले हे पहिले री-इनॅक्टमेंट, आणि त्यात ज्याचे अनुकरण करायचे ती कृतीच झाली नाही. मग ते अपयशी ठरले का? अजिबात नाही. आपला लढा पाण्यासाठी नसून समतेची स्थापना करण्यासाठी आहे, हे बाबासाहेबांनी याच परिषदेत फ्रान्सच्या १७८९ च्या राष्ट्रीय सभेशी तुलना करून समजावले. कृती थांबली तरी विचार थांबला नव्हता. दावा दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टात अस्पृश्यांच्या बाजूने निकाल लागला.

आणि कायद्याचे री-इनॅक्टमेंट? संविधानाचे कलम १५ (२) उघडून पाहा. सरकारी खर्चाने चालणाऱ्या किंवा जनतेसाठी दिलेल्या विहिरी, तलाव, घाट, रस्ते यांच्या वापरात जातीवरून कोणालाही अडवता येणार नाही, असे त्यात लिहिले आहे. बोले ठराव आणि हे कलम शेजारी ठेवून वाचा. १९२४ चा आपला जो ठराव एक नगरपालिका मागे घेऊ शकली, तोच आशय १९५० साली मूलभूत हक्क झाला. मधे महाड नसते तर?

हे जुने झाले असे कोणी म्हणेल, तर २०१८ साल आठवा. सुप्रीम कोर्टाने अॅट्रॉसिटी कायद्याची धार बोथट करणारा निकाल दिला, त्याची तारीख होती २० मार्च! २ एप्रिलला भारत बंद झाला, त्यात आपल्या माणसांचे जीव गेले. ऑगस्टमध्ये संसदेला कलम १८-अ घालावे लागले आणि काढून घेतलेले संरक्षण परत आले. तांत्रिक भाषेत ती दुरुस्ती होती. आम्ही तिला रस्त्यावरच्या लोकांनी करायला लावलेले री-इनॅक्टमेंट म्हणतो.

राहिला लाठ्या कोण धरणार हा प्रश्न. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात मूर्स फोर्ड पुलाजवळ २५ जुलै १९४६ रोजी गोऱ्या जमावाने दोन काळ्या जोडप्यांना गोळ्या घालून मारले. कोणालाही शिक्षा झाली नाही. २००५ पासून तिथले कार्यकर्ते दरवर्षी तो प्रसंग करून दाखवतात. सुरुवातीला मारेकऱ्यांच्या भूमिकेसाठी गोरे मिळाले नाहीत, तेव्हा काळ्यांनीच पांढरे मुखवटे घालून ती भूमिका केली. कारण मारणारे दाखवले नाहीत, तर मेलेले आपोआप मेल्यासारखे दिसतात. आपल्या देखाव्यांत नेमके हेच होते. बाबासाहेब असतात, ओंजळ असते, पण ज्यांनी अडवले ते गायब असतात. असा महाड कोणालाही चालतो. मंत्र्यांनाही चालतो.

म्हणून आमच्या बैठकीत ठरले ते असे. नाटक होईल आणि लाठ्या आम्हीच धरू. पण त्याआधी प्रत्येकाने आपल्या मूळ गावी जाऊन पाहायचे : सार्वजनिक विहिरीवर कोण पाणी भरते? नळाची लाइन कोणत्या वस्तीत शेवटी पोहोचते? स्मशानभूमी एक आहे की दोन? जिथे अडवणूक दिसेल तिथे ग्रामसभेत लेखी प्रश्न टाकायचा आणि त्याची पोच घ्यायची. ती पोच नाटकाच्या दिवशी सर्वांसमोर वाचायची.

मित्रांनो, २० मार्चला तळ्याचे पाणी जरूर प्या. पण त्या दिवशी बाबासाहेबांनी जो विचार केला तो आपल्या डोक्यात झाला नाही, तर ती फक्त ॲक्टिंग ठरेल.

जय भीम!