धूर गेला, विस्तव राहिला : फॉलिक ॲसिडची गोष्ट

जीवनसत्त्वांवर बोलायला तत्त्वज्ञानाचा मास्तर कशाला, असं तुम्हा शहापूरकरांच्या मनात आलं असेल. पण ‘जीवनसत्त्व जास्त झालं तर बिघडतं काय?’ या प्रश्नात वैद्यकाइतकंच तर्कशास्त्र आहे. आणि त्याच्या इतिहासाचा मोठा भाग आपल्या मुंबई-पुण्याकडे घडलेला आहे.

१९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरणीत राबणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणी एक विशिष्ट पांडुरोग होत असे आणि त्यात कित्येकजणी दगावत. विल्सबाईंनी त्यांचा आहार तपासला, माकडांवर प्रयोग केले. मार्माइट, म्हणजे यीस्टचा स्वस्त अर्क, दिला की रक्त भरून येतं, हे त्यांनी १९३१ मध्ये जाहीर केलं. त्या अर्कातला गुणकारी पदार्थ नेमका कोणता, ते पुढे कळलं. १९४१ मध्ये अमेरिकेत तो पालकातून वेगळा काढला गेला. लॅटिनमध्ये पान म्हणजे ‘फोलियम’, म्हणून नाव पडलं फॉलिक ॲसिड. मग येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने लेडर्ले प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार केलं, आणि गोळी सर्वांच्या हाती आली.

इथे गोष्ट वळण घेते. पांडुरोगाचा आणखी एक प्रकार असतो. त्यात शरीराला बी-१२ हे जीवनसत्त्व शोषून घेता येत नाही. रक्ताचं चित्र मात्र दोन्हींत सारखंच दिसतं. डॉक्टरांनी अशाही रोग्यांना फॉलिक ॲसिड मोठ्या प्रमाणात दिलं. रक्त सुधारलं, सगळे खूश! पण काहींच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या, चालताना तोल जाऊ लागला. कारण बी-१२ नसांच्या आवरणालाही लागतं, आणि ते काम फॉलिक ॲसिडला जमत नाही.

आपले नैयायिक म्हणतात, धूर दिसला तर अग्नी आहे असं अनुमान करा. पण धूर नाही म्हणून अग्नीही नाही, असं म्हणू नका. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात धूर नसतो, अग्नी असतो! इथे तेच झालं. पांडुरोग हा धूर. तो गोळीने घालवला, आणि आतला विस्तव नसा जाळत राहिला.

ही जुनी गोष्ट झाली म्हणाल, तर आता पुण्याला चला. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर माता आणि पुढे त्यांची मुलं यांचा अभ्यास केला. निष्कर्ष २००८ मध्ये आले. सुमारे दोन-तृतीयांश मातांमध्ये बी-१२ कमी होतं, फोलेटची कमतरता मात्र जवळजवळ नव्हतीच. आणि ज्या मातांचं बी-१२ कमी व फोलेट जास्त, त्यांच्या सहा वर्षांच्या मुलांमध्ये इन्सुलिनला सर्वांत कमी दाद मिळत होती. पुढे मधुमेहाकडे नेणारी ही वाट. एवढ्यावरून कारण सिद्ध झालं असं नव्हे, संबंध दिसला. पण दुर्लक्ष करण्याजोगा तो नाही.

आता घरी जाऊन सुनेची गोळी बंद करू नका हं! बाळाच्या मेंदू-मणक्यातलं जन्मजात व्यंग फॉलिक ॲसिडमुळे टळतं, हे पक्कं आहे. गरोदरपणातल्या सरकारी गोळीत ते ५०० मायक्रोग्रॅम असतं. प्रौढांसाठी गोळ्यांतून दिवसाला १,००० ही वरची मर्यादा मानतात. दुकानात मात्र ५ मिलिग्रॅमची, म्हणजे ५,००० मायक्रोग्रॅमची गोळीही मिळते. काही रोग्यांना ती लागते, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. ‘ताकदीची गोळी’ म्हणून आपली आपण ती घ्यायची नाही. पालक-मेथी खुशाल खा, मर्यादा भाजीला नाही. आणि बी-१२ भाजीत नसतं. ते दूध, दही, अंडी, मटण आणि आपल्या तलावांतल्या मासोळीत असतं. हातापायांना मुंग्या येत असतील, तर नुसतं ‘हिमोग्लोबिन चांगलं आहे’ यावर समाधान मानू नका. ‘डॉक्टरसाहेब, बी-१२ बघायचं का?’ एवढं जरूर विचारा.