पांढुर्णा-सौसर : बहुपक्षीय राजकारण

मध्य प्रदेशातील मराठीभाषक पट्टा. छिंदवाडा लोकसभा मतदारसंघातील या दोन विधानसभा क्षेत्रांपैकी पांढुर्णा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे, सौसर खुले.

१९७७च्या जनता लाटेतही छिंदवाड्याने काँग्रेसची साथ सोडली नाही. १९८०पासून काँग्रेसच्या कमलनाथांनी येथे बस्तान बसवले. १९९७च्या पोटनिवडणुकीत भाजपच्या सुंदरलाल पटवांनी हा गड सर केला. पुढच्याच वर्षी कमलनाथांनी तो परत घेतला. तिसरा कोन आदिवासी अस्मितेचा : २००३ मध्ये गोंडवाना गणतंत्र पक्षाने छिंदवाडा जिल्ह्यातील अमरवाडा जिंकले.

ऑक्टोबर २०२३ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, भाजप सरकारने पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा केला. तरीही पांढुर्णा आणि सौसर या दोन्ही जागा काँग्रेसकडेच गेल्या. २०२४ मध्ये लोकसभेला मात्र भाजपच्या विवेक (बंटी) साहूंनी कमलनाथांचे पुत्र नकुलनाथ यांचा पराभव केला.