जागतिक क्रमवारी आणि आपले महाराजा सयाजीराव विद्यापीठ

बारावीचा निकाल लागला की बडोद्यातल्या मराठी घरांत एक प्रश्न हमखास निघतो: आपल्या विद्यापीठाचा नंबर कितवा? जागतिक याद्यांच्या वरच्या पानांवर ते दिसत नाही. केवळ त्यावरून मुलांना बाहेरगावी पाठवण्याचे ठरवण्याआधी हे नंबर कसे काढतात ते पाहावे, म्हणून आम्ही ही माहिती देत आहोत.

थोडा इतिहास

१८८१ मध्ये सुरू झालेल्या बडोदा कॉलेजातून आणि १८९० च्या कलाभवनासारख्या संस्थांतून या विद्यापीठाचा पाया घातला गेला. विद्यापीठाची स्थापना १९४९ ची. हंसाबेन मेहता पहिल्या कुलगुरू.

नंबर कसे ठरतात?

शांघायची यादी २००३ पासून निघते. तीत नोबेल व फील्ड्स पदक मिळवणारे माजी विद्यार्थी (१० टक्के) व प्राध्यापक (२० टक्के) मोजतात. उरलेले गुण मुख्यतः विज्ञानातील संशोधनाचे. क्यूएस यादीत ४५ टक्के गुण जगभरच्या प्राध्यापकांच्या आणि नोकरी देणाऱ्यांच्या मतांवर मिळतात. परदेशी प्राध्यापक व विद्यार्थी यांचेही गुण असतात. देश लहान असला म्हणून अडत नाही: स्वित्झर्लंडचे ईटीएच झुरिक आणि सिंगापूरचे राष्ट्रीय विद्यापीठ क्यूएसच्या पहिल्या दहांत आलेले आहेत. मात्र त्यामागे संशोधनावरचा मोठा सरकारी खर्च आणि जगभरातून आणलेले प्राध्यापक आहेत.

भारत सरकारची एनआयआरएफ यादी २०१६ पासून येते. तीत अध्यापन व साधने ३०, संशोधन ३०, उत्तीर्ण विद्यार्थ्यांची वाटचाल २०, सर्वसमावेशकता १० आणि लोकमत १० अशी विभागणी आहे.

आपले काय मोजले जाते?

व्यंकटरामन रामकृष्णन १९७१ मध्ये येथून भौतिकशास्त्रात पदवीधर झाले आणि २००९ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. शांघायच्या यादीत हे माजी विद्यार्थ्याच्या रकान्यात धरतात, पण पदवी जितकी जुनी तितके गुण कमी.

प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती सात कांडांत १९७५ मध्ये पूर्ण केली. ठिकठिकाणची हस्तलिखिते ताडून केलेले हे कित्येक वर्षांचे काम. याद्या प्रामुख्याने शोधनिबंध आणि त्यांचे संदर्भ मोजतात, त्यामुळे अशा कामाचे वजन तेथे फारसे पडत नाही. १९५० मध्ये सुरू झालेल्या ललितकला विभागात ना. श्री. बेंद्रे, शंखो चौधरी यांनी शिकवले. चित्रे आणि शिल्पेही या हिशेबात बसत नाहीत. मराठी विभागातल्या मराठी लेखनाचेही तेच.

म्हणून क्रमवारी खोटी ठरत नाही. प्रयोगशाळा, रिकाम्या जागा, संशोधनाला मिळणारा पैसा यांतली उणीव ती दाखवते, आणि ती दूर व्हावी असा आग्रह आपण बडोदेकरांनी धरायलाच हवा.

पालकांसाठी

एकूण नंबराऐवजी विषयवार यादी पाहावी. हव्या त्या विभागात कायम प्राध्यापक किती, प्रयोगशाळा व ग्रंथालय कसे, मागच्या तुकडीतली मुले कुठे गेली, हे त्या विभागात जाऊन विचारावे. बाहेरगावच्या वसतिगृहाचा व खाणावळीचा खर्चही हिशेबात धरावा. तोच विषय इथे चांगला शिकवला जात असेल, तर मुलांना घरी राहून शिकता येईल.