बीडहून आलेला मामा

१९९४ च्या सप्टेंबरातली गोष्ट. आम्ही तेव्हा औरंगाबादला (आजचं छत्रपती संभाजीनगर) राहायचो. मामा बीडहून एस.टी.ने आला आणि आईने आपल्या सख्ख्या भावाला चहा दिला तो अंगणात. नंतर कप उकळत्या पाण्यात. मामा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने परत गेला.

कारण पेपर! बीड जिल्ह्यातल्या मामला गावात ऑगस्टअखेर गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण सापडले होते. त्याआधी गावात पिसवांचा सुळसुळाट झाला होता. १९९३ च्या भूकंपानंतर लोक घरात झोपायला घाबरायचे, बंद घरात धान्य, धान्यावर उंदीर, असं कारण तेव्हा सांगितलं गेलं. ही बातमी आम्ही वाचली आणि विसरलोही. मग २० सप्टेंबरनंतर सुरतची बातमी आली. तिथला प्लेग फुप्फुसांचा, खोकल्यातून माणसाकडून माणसाला होणारा. लाखो लोक शहर सोडून पळाले, टेट्रासायक्लिन मिळेनासं झालं, काही देशांनी भारताची विमानं बंद केली. (मृतांचा अधिकृत आकडा शेवटी पन्नाशीच्या आसपास निघाला.) पेपरात रोज तोंडाला रुमाल बांधलेल्या माणसांचे फोटो.

मथळ्यात मात्र शब्द एकच, प्लेग. गाठीचा प्लेग उंदरावरच्या पिसवा चावून होतो. मामाच्या कपातून तो येणार कसा? हे छापून येत नव्हतं असं नाही, पण ते आतल्या पानावर, चौकटीत. चौकट कोण लक्षात ठेवतं? आमच्या घरात लक्षात राहिला तो रुमाल. सुरतचा रुमाल आम्ही बीडच्या पिसवेला बांधला.

आजीला वाचता येत नव्हतं, आणि तिचंच बरोबर होतं. तिच्या लहानपणी घरात उंदीर मरून पडला की लोक गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहायचे. "त्याला काय भिता, माळ्यावर बघा," असं ती म्हणत होती. पिसवेचा संबंध पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली कराचीत दाखवला, आणि त्यालाही कितीतरी वर्षं कुणी मानलं नाही. आजीला तर आम्ही सरळ गप्प बसवलं.

२०२० मध्ये आई भाजी साबणाने धूत होती, तेव्हा मला तो कप आठवला. बोललो नाही.

मामा अजूनही आला की दारातूनच विचारतो, "ताई, आत येऊ का अंगणातच बसू?" आम्ही सगळे हसतो. आई हसत नाही.