वाणसामानाच्या दुकानात मुरलेली व्हिस्की

स्कॉच सिंगल माल्टच्या, म्हणजे एकाच डिस्टिलरीत गाळलेल्या माल्ट व्हिस्कीच्या बाटलीवर सहसा डिस्टिलरीचं नाव असतं. काही बाटल्यांवर मात्र जोडीला आणखी एक नाव दिसतं: गॉर्डन अँड मॅकफेल, कॅडनहेड, सिग्नेटरी. दुसऱ्यांनी गाळलेली व्हिस्की पिंपाच्या हिशेबात विकत घ्यायची आणि आपल्याला पटेल तेव्हा आपल्या नावाने बाटलीत भरायची, हा यांचा व्यवसाय. त्यांना इंडिपेंडंट बॉटलर म्हणतात. मी अनेक वर्षं मुख्यतः याच बाटल्या चाखत आलो आहे. सिंगल माल्ट आज जगभर ओळखली जाते, त्याचं मोठं श्रेय मी या दुकानदारांना देतो.

एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमध्ये व्हिस्की विकायचे ते वाणसामानाचे आणि वाईनचे व्यापारी. डिस्टिलरीतून पिंप यायचं, दुकानदार त्यातून गिऱ्हाइकाला भरून द्यायचा. किल्मार्नकचे जॉन वॉकर आणि अ‍ॅबर्डीनचे शिवास बंधू हे मुळात किराणा दुकानदारच. 1860च्या कायद्याने माल्ट आणि ग्रेन व्हिस्की एकत्र करायला मोकळीक मिळाली आणि ब्लेंडचं युग सुरू झालं. सौम्य, दर बाटलीत सारखीच लागणारी ब्लेंड जगभर गेली. माल्ट गाळणाऱ्या डिस्टिलऱ्या तिच्यासाठी कच्चा माल पुरवू लागल्या. आपला माल वेगळा, स्वतःच्या नावाने विकावा, याची त्यांतल्या बहुतेकांना पुढची शंभरेक वर्षं गरजच भासली नाही.

ती गरज ओळखली एल्गिनच्या एका दुकानाने. नोकरीनिमित्त मी अ‍ॅबर्डीनला राहत होतो तेव्हा आगगाडीने एल्गिनला जायचो. गाडीला दीड तास लागे. तिथल्या साउथ स्ट्रीटवर 1895मध्ये जेम्स गॉर्डन आणि जॉन अलेक्झांडर मॅकफेल यांनी चहा, किराणा, वाईन आणि व्हिस्कीचं दुकान काढलं. त्याच वर्षी जॉन अर्कहार्ट नावाचा मुलगा तिथे उमेदवारीला लागला आणि 1915मध्ये मुख्य भागीदार झाला. त्याचा मुलगा जॉर्ज 1933मध्ये धंद्यात आला. आजूबाजूला स्पेसाइडच्या डिस्टिलऱ्या. अर्कहार्ट आपली निवडलेली पिंपं तिथे पाठवत, ताजी गाळलेली दारू त्यांत भरून घेत आणि वर्षानुवर्षं मुरू देत. शेरी तर दुकानात पिंपातूनच यायची, त्यामुळे शेरीची रिकामी पिंपं हाताशी असत.

माझ्या आजोबांचं कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत भुसारी दुकान होतं. पोत्यातली मूठभर तूर तळहातावर चोळून ते माल घ्यायचा की नाही ते ठरवत, आणि घेतला की त्याची जबाबदारी त्यांची. अर्कहार्ट कुटुंबाचं काम मला त्याच जातीचं वाटतं. पिकवणारा वेगळा, पण पारख दुकानदाराची आणि शब्दही त्याचाच.

या पारखीचा कळस 3 फेब्रुवारी 1940 या तारखेत आहे. युद्ध सुरू झालेलं असताना जॉन आणि जॉर्ज यांनी ग्लेनलिव्हेट डिस्टिलरीत एक पिंप भरून घेतलं. ते 2020मध्ये उघडलं. ऐंशी वर्षांनंतरही मद्यार्क 44.9 टक्के होता आणि 250 डिकँटर भरले. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातून दर वर्षी साधारण दोन टक्के व्हिस्की उडून जाते. गोव्याच्या उकाड्यात हे प्रमाण कितीतरी पटींनी जास्त आहे, म्हणून तिथली माल्ट थोड्याच वर्षांत तयार होते. स्कॉटलंडचं हवामान वाट पाहू देतं, पण भांडवल अडकवून वाट पाहणारा माणूस मात्र लागतो.

1968मध्ये जॉर्ज अर्कहार्ट यांनी ‘कॉनॉसर्स चॉइस’ ही मालिका सुरू केली. ज्या डिस्टिलऱ्यांचं नाव ब्लेंडच्या मागे झाकलं गेलं होतं, त्यांची माल्ट त्यांच्याच नावाने लोकांसमोर आली. 1972मध्ये अ‍ॅबर्डीनची जुनी कॅडनहेड पेढी कॅम्बेलटाउनला स्प्रिंगबँक डिस्टिलरीच्या मालकांकडे गेली. 1983मध्ये एडिंबरात स्कॉच माल्ट व्हिस्की सोसायटी स्थापन झाली. तिच्या बाटलीवर डिस्टिलरीचं नाव नसतं, फक्त आकडे असतात. त्याच 1983मध्ये मागणी घटल्याने पोर्ट एलन आणि ब्रोरा या डिस्टिलऱ्या बंद पडल्या. पुढची अनेक वर्षं त्यांची चव लोकांना कळली ती मोठ्या प्रमाणात याच दुकानदारांच्या गोदामांतल्या पिंपांमुळे.

आयला बेटावरच्या कुल ईलाचंही तसंच. 1846मध्ये सुरू झालेल्या या डिस्टिलरीचा बहुतेक माल ब्लेंडमध्ये जाई. मालकांनी तिची माल्ट नियमितपणे बाजारात आणली ती 2002पासून. तिची मी चाखलेली सर्वांत चांगली बाटली एका इंडिपेंडंट बॉटलरची होती. एकाच पिंपातली, पाणी घालून न उतरवलेली, कॅरॅमलचा रंग नसलेली, थंड करून न गाळलेली. रंग वाळक्या गवताचा. आधी पाणी न घालता वास घेतला: धूर, लिंबाची साल, मागे खारेपणा. मग चमच्याने थोडं पाणी घातलं. व्हिस्की किंचित गढूळ झाली, कारण थंड करून गाळताना निघून जाणारे तेलकट घटक तिच्यात शाबूत होते. धूर मागे सरला आणि जवाची गोडी पुढे आली. जिभेवर ती जाड लागली, घोट गिळल्यावरही बराच वेळ राहिली. दुसऱ्या पिंपातली कुल ईला अशीच लागेल याची हमी नाही, आणि मला त्यातच तिचं मोल वाटतं. ब्लेंडने जी एकसारखी चव जगाला लावली, तिच्याबाहेर किती वैविध्य आहे ते या पिंपांनीच दाखवलं.

आता काळ बदलला आहे. डिस्टिलऱ्यांना स्वतःच्या नावाची किंमत कळली. गॉर्डन अँड मॅकफेलने 1993मध्येच बेनरोमाक डिस्टिलरी विकत घेतली, 2022मध्ये द केर्न ही नवी डिस्टिलरी उघडली आणि 2023मध्ये जाहीर केलं, की 2024पासून दुसऱ्यांच्या डिस्टिलरीत पिंपं भरून घेणं बंद. मुरत असलेला साठा पुढची अनेक वर्षं पुरेल. पण सव्वाशे वर्षांहून जुनी एक रीत तिथे संपली, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसरे बॉटलर अजून आहेत. त्यांची बाटली हाती आली, तर लेबल सावकाश वाचा. गाळल्याचं वर्ष, भरल्याचं वर्ष, पिंप कशाचं, मद्यार्क किती. आणि डिस्टिलरीच्या जोडीचं ते दुसरं नाव लक्षात ठेवा. त्या पिंपावर पैसे लावून वाट पाहिली ती त्याने.