गावकारभाराची रिकामी जागा : वतनापासून सोडतीपर्यंत

१/
रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यातील कुंभिवली असो की शेजारच्या कर्जत तालुक्यातील एखादी डोंगरवाडी, ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ आली की एकच प्रश्न ओट्याओट्यावर चर्चिला जातो : यंदा आपल्या प्रभागातून उभे कोणाला करायचे? प्रश्न साधा वाटतो. परंतु गावाचा कारभार पाहण्यासाठी माणूस शोधावा लागतो, ही कल्पनाच महाराष्ट्रात फार जुनी नाही. दीडशे-पावणेदोनशे वर्षांत कायद्याने गावोगावी नव्या जागा निर्माण केल्या. त्या जागांवर माणसे कशी आली, आणि काही जागा रिकाम्या का राहिल्या, त्याचा हा धागा.

२/
मराठेशाहीत गावकारभाराला माणूस शोधण्याचे कारणच नव्हते. पाटील, कुलकर्णी, चौगुला, महार यांची कामे वतनाची होती. बापाचे काम मुलाकडे जाई. वतन म्हणजे केवळ नोकरी नव्हे, तर जमीन, हक्क आणि मानपान. त्याची वाटणी होई, निम्मी पाटीलकी विकलीही जाई. जुन्या महजरांवर पाटलाची निशाणी म्हणून नांगर काढलेला आढळतो. इंग्रजांनी ही व्यवस्था मोडली नाही. १८७४ च्या वतन कायद्याने तिला नोंदवह्यांत बसवले. मात्र वतनाची दुसरी बाजू महारांच्या वाट्याला आली होती. त्यांना गावची कामे नाकारता येत नसत आणि गावच्या निर्णयात त्यांचे मत विचारले जात नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात याच कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, त्यामागे हे कारण होते.

३/
रहिवाशांची इच्छा हा शब्द कारभारात प्रथम आला तो १८५० च्या २६ व्या कायद्याने. रहिवाशांनी मागणी केली, तरच सरकारने त्या गावी नगरपालिका स्थापावी, अशी त्यात तरतूद होती. बहुतेक गावांनी मागणी केली नाही, कारण नगरपालिका म्हणजे नवा कर, हे सर्वांना कळत होते. खालापूरच्या शेजारचे पनवेल मात्र पुढे आले. घाटावरून उतरणारा माल खाडीतील गलबतांवर चढवणारे ते बंदर होते. १८५२ मध्ये तिथे नगरपालिका झाली. तिचा कारभार सरकारने नेमलेल्या मंडळींकडे होता. रहिवाशांनी मागणी करायची आणि सभासद सरकारने निवडायचे, असा हा पहिला टप्पा.

४/
दुसरा टप्पा लॉर्ड रिपनचा. १८ मे १८८२ च्या ठरावात त्याने सांगितले की स्थानिक मंडळांत सरकारी सभासद एक-तृतीयांशाहून अधिक नसावेत, आणि या मंडळांचा हेतू केवळ कारभार सुधारणे हा नसून लोकांना राजकीय शिक्षण देणे हा आहे. मुंबई इलाख्यात १८८४ च्या कायद्याने जिल्हा व तालुका लोकल बोर्डे आली. परंतु मताचा अधिकार करभरणा, मालमत्ता आणि प्रतिष्ठा यांच्याशी बांधलेला राहिला. खोत, इनामदार, वकील, सावकार बोर्डात बसले. ज्यांचा रस्ता, ज्यांची विहीर, ते बाहेरच होते.

५/
खेड्यापर्यंत निवडणूक पोहोचली ती मुंबई ग्रामपंचायत कायदा, १९२० मुळे. गावातील प्रौढ पुरुषांना मत मिळाले, स्त्रियांना नाही. १९३३ मध्ये नवा कायदा झाला, पंचायतींचे अधिकार वाढले, तरी पंचायती झपाट्याने वाढल्या नाहीत. कारण समजण्याजोगे आहे. पंचायतीला घरपट्टी बसवावी लागे आणि ती वसूल करणारा पंच त्याच गावात, त्याच भावकीत राहणारा असे. चुलत्याच्या दारात थकबाकीसाठी उभे राहण्याची हौस कोणाला असणार? सत्ता जुनीच माणसे चालवत असताना नव्या पंचाच्या वाट्याला प्रामुख्याने वाईटपणा येत होता.

६/
तरीही त्या जागेवर कोण बसतो याने काय फरक पडतो, हे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातच, म्हणजे आजच्या रायगडात, साऱ्या देशाला दिसले. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात संमत झाला : सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा राखलेली पाणवठ्यांसारखी ठिकाणे अस्पृश्यांना खुली असावीत. सुरेंद्रनाथ टिपणीस महाडच्या नगरपालिकेचे अध्यक्ष होते. त्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. कागदावर हक्क मिळाला, पण तळ्यावर जाता येईना. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. त्याच वर्षी ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. पुढे लढा न्यायालयात गेला आणि उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ मध्ये लागला.

७/
महाडची ही घटना ग्रामपंचायतीच्या वादाची पार्श्वभूमी आहे. ऑक्टोबर १९३२ मध्ये ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी विधिमंडळात राखीव जागांची मागणी केली. त्यांचा मुद्दा गणिताचा होता. प्रत्येक गावात दलित वस्ती अल्पसंख्य असते. त्यामुळे सर्व प्रौढांना मत दिले तरी त्यांचा माणूस निवडून येईल अशी खात्री देता येत नाही. शिवाय अशा पंचायतीकडे न्यायनिवाड्याचे अधिकार गेले, तर दाद मागायची कोणाकडे? मताचा अधिकार आणि जागेचा अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी तेव्हा स्पष्ट केले.

८/
स्वातंत्र्यानंतर जुनी चौकट भराभर उतरवली गेली. १९४९ च्या कायद्याने कोकणातील खोती संपवण्यात आली. त्याआधी अलिबाग तालुक्यातील चरी परिसरातल्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून वर्षानुवर्षे जमिनी न कसता संप चालवला होता. मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ आला. वसंतराव नाईक समितीच्या अहवालानंतर १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. आणि १ जानेवारी १९६३ पासून मुलकी पाटलाचे वंशपरंपरेचे पद कायद्याने रद्द झाले. शतकांची पाटीलकी संपली. गावाला आता दर काही वर्षांनी माणसे निवडणे भाग होते.

९/
पद गेले तरी सवय गेली नाही. अनेक गावांत देवळात बैठक बसे, वडीलधारी मंडळी नावे ठरवत, आणि निवडणूक ‘बिनविरोध’ होई. भांडण टळले, खर्च वाचला, म्हणून त्याचे कौतुकही होई आणि आजही होते. त्यात तथ्य आहे. लहान गावात निवडणुकीतील वैर पुढे अनेक वर्षे लग्नकार्यापर्यंत पोहोचते. पण बैठकीला कोणाला बोलावले होते, हा प्रश्न बिनविरोध या शब्दाखाली झाकला जातो. स्त्रिया त्या बैठकीत नसत. वाडी-पाड्यावरचे लोक बहुधा नसत.

१०/
ही चाकोरी मोडण्याचा एक मोठा प्रयत्न शेतकरी संघटनेने केला. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे ग्रामीण स्त्रियांचे विराट अधिवेशन झाले. शरद जोशी आणि शेतकरी महिला आघाडी यांनी स्त्रियांनी पंचायतीची सत्ता हाती घ्यावी अशी हाक दिली. १९८९ च्या ग्रामपंचायत निवडणुकांत काही गावांत सर्वच्या सर्व उमेदवार स्त्रिया असलेली पॅनेले उभी राहिली. जळगाव जिल्ह्यातील विटनेर आणि यवतमाळ जिल्ह्यातील मेटीखेडा ही त्यांपैकी ठळक नावे. तेव्हा कायद्याने सक्ती नव्हती. घरकाम कोण करील, भाकरी कोण थापील, सही तरी येते का, या आक्षेपांना उत्तर देत कार्यकर्त्यांना घरोघरी जावे लागले. जिथे स्त्रिया आधीपासून आंदोलनात एकत्र होत्या, तिथे हे जमले.

११/
मग कायदा आला. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली : दर पाच वर्षांनी निवडणूक, स्त्रियांना किमान एक-तृतीयांश जागा, अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्त्रियांचा वाटा निम्म्यावर नेला. १९८९ मध्ये काही गावांनी मनाने केले ते आता प्रत्येक गावाला करणे भाग झाले. काही ठिकाणी पत्नीच्या नावावर पतीनेच कारभार केला. काही ठिकाणी पहिल्या वर्षी गप्प बसलेल्या बाईने तिसऱ्या वर्षी पाण्याच्या टाकीचा हिशोब मागितला. दोन्ही घडले. पण घरी जाऊन ‘तुम्ही उभ्या राहाल का?’ असे एखाद्या बाईला विचारणे, हे आता गावकारभाराचे नेहमीचे काम झाले.

१२/
कोणता प्रभाग कोणासाठी राखीव, हे सोडतीने ठरते. चिठ्ठ्या काढल्या जातात आणि पुष्कळदा एखाद्या शाळकरी मुलाला ती उचलायला सांगतात. इतिहासाच्या वाचकाला इथे तमिळनाडूतील उत्तरमेरूरचा शिलालेख आठवेल. इ. स. ९२० च्या सुमारास, चोळ राजा पहिला परांतक याच्या काळात, तिथल्या सभेचे सभासद घड्यातील चिठ्ठ्यांतून निवडले जात आणि चिठ्ठी अजाण मुलाच्या हातून काढली जाई. परंतु घड्यात नाव पडण्यासाठी करपात्र जमीन, स्वतःच्या जागेवरचे घर, ३५ ते ७० वय आणि वेदांचे ज्ञान लागे. हिशोब न देणारा अपात्र ठरे. सोडत निष्पक्ष होती. पात्रतेची चाळण तशी नव्हती.

१३/
आजची चाळण वेगळी आहे. वय किमान २१. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेले नसावे. घरी शौचालय असावे. राखीव जागेसाठी जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी हवी. प्रत्येक अटीमागे हेतू आहे. पण कर्जत-खालापूरच्या कातकरी वाडीवर त्यांचा अर्थ काय होतो? अनेक वाड्या खासगी किंवा वनजमिनीवर उभ्या आहेत. घराखालची जागाच नावावर नसते. दाखल्यासाठी लागणारे जुने कागद आजोबांच्या पिढीत तयारच झालेले नसतात. दिवाळीनंतर कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडी परततात. ग्रामसभेच्या ठरलेल्या चार तारखा म्हणजे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. त्यांतील पहिल्या दोन्ही वेळी वाडी अर्धी रिकामी असते.

१४/
इथे भूगोलाचाही भाग आहे. पालघर, नाशिक, नंदुरबार यांसारख्या जिल्ह्यांतील अनुसूचित क्षेत्रांत १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. तिथे पाड्याला स्वतःची ग्रामसभा मागता येते. रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात मोडत नाही. त्यामुळे कातकरी आणि ठाकर वस्तीसाठी ग्रामपंचायतीतील राखीव जागा हाच कारभारात शिरण्याचा मुख्य दरवाजा आहे. अशा जागेसाठी एकही अर्ज आला नाही, तर ती रिक्त राहते आणि पोटनिवडणूक लावावी लागते. कागदावर ती ‘उमेदवार नाही’ अशी नोंद होते. वाडीवर त्याचा अर्थ असा की पाण्याच्या नळाची, रस्त्याची, घरठाणाची मागणी बैठकीत मांडायला आपले कोणी नाही.

१५/
याच्या दुसऱ्या टोकाला लिलाव आहे. १५ जानेवारी २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकांपूर्वी नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे पदांसाठी बोली लागल्याचे उघड झाले. राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही गावांची निवडणूक रद्द केली. बोलीचा पैसा देवळासाठी वापरणार, गाव एकमताने ठरवत आहे, असा बचाव अशा प्रसंगी केला जातो. वतनाच्या काळी निम्मी पाटीलकी विकली जाई, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या बोलीत नवे काही दिसणार नाही.

१६/
या इतिहासाची साधने दूरच्या अभिलेखागारातच असतात असे नाही. ग्रामपंचायतीच्या जुन्या प्रोसिडिंग वहीत दर बैठकीच्या हजेरीखाली सह्या आणि अंगठे असतात. सुरुवातीच्या पानांवर बहुधा दोन-तीनच आडनावे आलटून पालटून येतात. मग एखाद्या वर्षी पहिला स्त्रीचा अंगठा दिसतो. आणखी पुढे वाडीवरचे पहिले आडनाव. कायद्याचे साल त्याच्या आगेमागे सापडतेच. पण त्या सहीच्या आदल्या महिन्यात गावातले कोणी तरी त्या घरी गेले होते, अर्ज भरायला सोबत तहसील कचेरीपर्यंत आले होते, हे वहीत लिहिलेले नसते. ते गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावे लागते, आणि ती आहेत तोवरच विचारता येते.